लेकराला सायकल शिकवता शिकवता आपला मोडलेला व्यायाम पुन्हा कसा सुरू करावा

माझी मुलगी सहा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात आम्ही तिच्या सायकलची बाजूची चाकं काढली आणि मी तिच्या मागे पळायला लागले. त्याआधी शेवटचं कधी पळाले होते ते मला आठवतही नव्हतं. बाळंतपण, मग पुन्हा नोकरी, मग शाळेच्या वेळा, यात सात वर्षं गेली होती. पहिल्या दिवशी एका हाताने सीट धरून, कमरेत वाकून मैदानाच्या दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे घालायला वाकता येईना. कंबर जरा मोकळी झाली तशी पाचव्या दिवशी पुन्हा त्याच जोमाने धावले आणि पोटरीत सणकन कळ आली. पुढचे तीन आठवडे मुलगी रोज संध्याकाळी हेल्मेट घालून दारात उभी राहायची आणि मी पायाखाली उशी घेऊन पलंगावर.

त्या तीन आठवड्यांत मला जे समजलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. मूल सायकल शिकताना आधी पाय जमिनीवर टेकत चालतं, मग थोडं तरंगतं, मग पायडल मारतं, मग वळतं. ज्याचा व्यायाम बरीच वर्षं सुटला आहे त्याच्या शरीरालाही याच क्रमाने काम हवं असतं: आधी चालणं, मग चढ, मग छोट्या धावा, मग सलग पळणं. मुलाच्या पायऱ्या सोडून पुढे उडी मारली नाही, तर व्यायामाचा वेगळा तक्ता लागत नाही. आम्ही दुसऱ्यांदा सुरुवात केली ती अशी.

मैदानावर जाण्याआधीचे दोन आठवडे

हे दोन आठवडे तुमचे स्वतःचे. मूल बागेत खेळत असेल तेवढ्या वेळात सगळं होतं.

रोज चाला. पहिल्या दिवशी १० मिनिटं पुरेत, दोन आठवड्यांत २५ मिनिटांवर या. वेग कसा ओळखायचा? चालताना सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यांत बोलता यावं, पण गाणं म्हणायला गेलात तर दम लागावा. याच वेगाला मध्यम व्यायाम म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांना आठवड्याला असा १५० ते ३०० मिनिटं व्यायाम सांगितला आहे, मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं. या संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशींत आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्यासारख्यांच्या फार उपयोगाची. पूर्वी सलग १० मिनिटांपेक्षा कमी केलेला व्यायाम हिशेबात धरत नसत, ती अट त्यांनी काढून टाकली. म्हणजे मुलामागे मारलेली १५ सेकंदांची धावसुद्धा जमेस धरायची.

चालण्याबरोबर तीन गोष्टी एक दिवसाआड करा. पहिली, टाचा उचलणं. भिंतीला हात टेकून दोन्ही पायांच्या चवड्यांवर सावकाश वर जायचं आणि त्याहून सावकाश खाली यायचं, १० वेळा, थोडं थांबून पुन्हा १०. दुसरी, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं आणि बसणं, तेही १० वेळा. तिसरी, भिंतीवर हात टेकून दंड काढतो तसं पुढे जाणं आणि मागे येणं.

यातली टाचा उचलण्याची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच लोक टाळतात, कारण ती करताना काही विशेष केल्यासारखं वाटत नाही. व्यायाम पुन्हा सुरू केला की दमसास लवकर वाढतो. दहा-पंधरा दिवसांत जिना चढताना फरक कळतो आणि वाटतं, आता जमतंय. पण पोटरी आणि टाचेमागची जाड कंडरा, जिला आपण सरसकट शीर म्हणतो, ती इतक्या वेगाने घट्ट होत नाही. तिला महिने लागतात. छाती हो म्हणते आणि पोटरी नाही म्हणते, त्या मधल्या काळात दुखापती होतात. माझी झाली ती तशीच.

रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा वजन खूप वाढलेलं असेल, तर पळण्याच्या आधी डॉक्टरांना दाखवून घ्या. हळू चालायला मात्र सहसा आजपासून हरकत नसते. आणि चालताना वा पळताना छातीवर दाब आल्यासारखं वाटलं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ गेली, दरदरून घाम फुटून गरगरलं, तर तिथेच थांबा आणि थेट दवाखाना गाठा. पित्त झालं असेल म्हणून घरी पडून राहू नका.

आयांसाठी एक वेगळी गोष्ट. बाळंतपणानंतर पळताना, उडी मारताना, शिंकताना लघवीचे थेंब जातात म्हणून कित्येक जणी पळणं कायमचं सोडून देतात आणि कुणाला सांगतही नाहीत. हे फार जणींना होतं आणि बहुतेक वेळा व्यायामाने सुधारतं. लघवी रोखताना जे स्नायू आपण आत ओढून घेतो ते आवळायचे, ५ सेकंद धरायचे, ५ सेकंद पूर्ण सैल सोडायचे. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही आणि पोट किंवा मांड्या आवळायच्या नाहीत. दोन-तीन महिने नियमित करावं लागतं. त्यानेही फरक पडला नाही, किंवा खाली काही ओघळल्यासारखं जड वाटत असेल, तर फिजिओथेरपिस्टकडे किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. तोवर पुढच्या पायऱ्यांमधलं चालणं सुरू ठेवा, धावा थांबवा.

सायकल अंगापुरतीच हवी

आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यायची सवय आहे. सायकल तशी घेऊ नका. आम्ही घेतली होती. दुकानदार म्हणाला, दोन वर्षं तरी चालेल, आणि आम्हालाही ते पटलं. सीटवर बसल्यावर मुलीच्या पायाची फक्त बोटं जमिनीला लागायची. ज्याचे पाय टेकत नाहीत ते मूल घाबरतं, आणि घाबरलेलं मूल हँडल इतकं घट्ट धरतं की सायकल वळतच नाही.

माप घरी घ्या. मुलाला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं करा, दोन्ही पायांच्या मध्ये एक वही आडवी धरून ती वर टेकेपर्यंत सरकवा, आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत अंतर मोजा. शिकताना सीट या मापापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर खाली हवी, म्हणजे बसल्या बसल्या दोन्ही तळवे पूर्ण टेकतात. साधारणपणे चार ते सहा वर्षांच्या मुलाला १६ इंची चाकाची सायकल बसते आणि उंच सहा-सात वर्षांच्या मुलाला २० इंची. पण वयापेक्षा वहीचं माप खरं.

वजनही उचलून बघा. लोखंडी १६ इंची सायकल नऊ-दहा किलो सहज भरते आणि सहा वर्षांचं मूल असतं वीसेक किलोचं. म्हणजे स्वतःच्या निम्म्या वजनाचं धूड ते तोलत असतं. हलकी सायकल महाग मिळते, म्हणून आधी ओळखीपाळखीत विचारा. मुलं दोन वर्षांत सायकलीबाहेर जातात आणि कुणाच्या ना कुणाच्या गच्चीत किंवा जिन्याखाली चांगली सायकल धूळ खात उभी असते.

ब्रेक दाबून बघायला सांगा, तुम्ही दाबू नका. मुलाच्या बोटांना लिव्हर पुरतो का आणि त्याच्या ताकदीने चाक थांबतं का, हे बघायचं. सायकलवाल्याकडून लिव्हर हँडलच्या जवळ आणून घेता येतो. टायरवर बाजूला हवेचा दाब लिहिलेला असतो, तेवढी हवा भरा. मऊ चाकावर शिकणाऱ्या मुलाचा निम्मा जोर वाया जातो.

हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटं, आडवं बसायला हवं. मागे टाळूवर सरकलेलं हेल्मेट काही वाचवत नाही. पट्टे कानाखाली इंग्रजी व्ही अक्षरासारखे यावेत आणि हनुवटीखाली एकच बोट जावं. आत ईएन १०७८ असं युरोपीय मानक छापलेलं असेल तर ते सायकलसाठीचं आहे. पालकांनीही घालावं, निदान स्वतःची सायकल चालवायची वेळ येईल तेव्हा.

पहिली पायरी: पायडल काढून ठेवा

बाजूची चाकं लावून मूल पायडल मारायला शिकतं, तोल शिकत नाही. दोन चाकांवर सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवलं की ती पुन्हा उभी राहते. बाजूची चाकं असलेली सायकल कलतच नाही, त्यामुळे ही सवय हाताला लागत नाही. उलट मूल एका बाजूच्या चाकावर रेलून बसायला शिकतं आणि ते नंतर मोडावं लागतं. सायकलचा स्वतःचा इतिहासही याच क्रमाने गेला आहे. कार्ल फॉन ड्राइस याने १८१७ साली जर्मनीतल्या मानहाइममध्ये दोन चाकांची गाडी चालवली, तिला पायडल नव्हतं. तो पायांनी जमीन मागे रेटत जायचा. पुढच्या चाकाला पायडल लागली ती १८६०च्या दशकात, पॅरिसमध्ये. माणसं आधी तोलायला शिकली, पायडल मागाहून आली.

आमच्या पिढीत अनेकांनी सायकल शिकली ती तासावर भाड्याने घेतलेली, मोठ्या माणसाची, नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत. त्यातही सीटवर बसण्याआधी कित्येक दिवस एक पाय पायडलवर आणि दुसऱ्याने जमीन रेटत जायचं, हेच चालायचं. तोलाचा धडा आधीच होता, फक्त त्याला कुणी धडा म्हणत नव्हतं.

पायडल काढायला १५ नंबरचा पाना लागतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, तिथे बरेच जण जोर लावून आटे खराब करतात. सोपी खूण अशी: पाना वरच्या बाजूने लावा आणि सायकलच्या मागच्या चाकाच्या दिशेने फिरवा. दोन्ही बाजूंना हीच दिशा, दोन्ही सुटतात. गंजलं असेल तर कोपऱ्यावरचा सायकलवाला पाच मिनिटांत काढून देतो. पायडल पिशवीत बांधून त्यावर डावं आणि उजवं लिहून ठेवा.

आता सीटवर बसून मुलाने पायांनी चालायचं. जागा सपाट आणि मोकळी हवी, शाळेचं पटांगण किंवा सोसायटीतला आतला रस्ता, जिथे गाड्या येत नाहीत. जाड वाळू किंवा उंच गवत नको, चाक अडतं. आमच्या नाशिकला एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर उभं राहवत नाही, म्हणून आम्ही सव्वासहाला बाहेर पडायचो. पावसाळ्यात फरशी आणि सिमेंटवर शेवाळ धरतं, तेव्हा दोन-तीन दिवस ऊन पडल्याशिवाय जाऊ नका.

मूल चालतं तेव्हा तुम्ही त्याच्या बाजूने चाला. हात लावायचा नाही. मूल जमीन रेटत जातं तो वेग तुमच्या झपझप चालण्याचा असतो, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही असा. १५ मिनिटं पुष्कळ झाली. मूल आणखी मागत असेल तरी थांबा. उद्या यायची ओढ शिल्लक राहायला हवी, त्याची आणि तुमचीही. दोन-चार दिवसांत मूल मोठी ढांग टाकायला लागतं, मग मधेच दोन्ही पाय वर उचलतं. तेव्हा मोठ्याने आकडे मोजा. एक, दोन, तीन… पाय टेकले. आमच्याकडे हा आकडा रोज रात्री आजीला फोनवर कळवला जायचा. पाचपर्यंत आकडा पोचला की पुढच्या पायरीची वेळ झाली. कुणाला यासाठी तीन दिवस लागतात, कुणाला तीन आठवडे. दोन्ही ठीक.

दुसरी पायरी: हलका उतार

जिथे चेंडू सोडला तर हळू घरंगळत जाईल आणि खाली सपाट जागा येईल, एवढाच उतार शोधा. मूल वरून पाय उचलून खाली येतं, तरंगल्यासारखं. ब्रेक शिकवायचा तो इथेच. एक खडू घ्या, खाली रेघ ओढा आणि सांगा, रेघेवर थांबायचं. दोन्ही ब्रेक एकदम आणि हळूहळू दाबायचे. आधी हे बघून ठेवा की पुढच्या चाकाचा ब्रेक कुठल्या हाताचा आहे, कारण फक्त तोच जोरात दाबला तर मूल हँडलवरून पुढे जाईल.

तुमचा व्यायाम आहे तो परत वर येण्यात. मूल खाली आलं की सायकल ढकलत वर न्यायची. त्याला जमेल तेवढी त्याने, उरलेली तुम्ही. असे १० खेप झाले की मांड्या बोलू लागतात. चढावर चालताना पोटरी आणि मांडीला जवळपास पळण्याइतकं काम मिळतं, पण पाय आदळत नाही, त्यामुळे पुढच्या धावांची तयारी इथे होते. ही पायरी घाईने उरकू नका. मला विचाराल तर पालकांसाठी सगळ्यांत जास्त दिवस राहावं अशी हीच पायरी आहे. एक आठवडा तरी काढा.

तिसरी पायरी: पायडल परत लावा, आणि आता धावा

पायडल लावून झाल्यावरही सीट वर करू नका. निघताना एक पायडल पुढे आणि थोडं वर हवं, घड्याळात दोनचा काटा असतो तिथे. मुलाने त्यावर पाय ठेवून जोर द्यायचा, सायकल एका हाताएवढी पुढे गेली की दुसरा पाय आपोआप पायडल शोधतो. नजर समोर, झाडाकडे नाहीतर तुमच्या पिशवीकडे. चाकाकडे बघितलं की सायकल तिकडेच जाते.

आता धरायचं कसं, ते नीट वाचा, कारण माझी कंबर इथेच गेली. सीट धरून वाकून पळू नका. त्या अवस्थेत कणा वाकलेला, मान वर, एक हात ताणलेला, आणि तशा स्थितीत मुलासकट तीस किलोंचं वजन डगमगत असतं. हँडलही धरू नका, कारण मग तोल तुम्ही सांभाळता आणि मूल नुसतं बसून राहतं. आजोबांचा जुना पंचा घ्या. त्याची लांब घडी करा, मुलाच्या छातीवरून दोन्ही काखांखालून मागे आणा आणि दोन्ही टोकं पाठीमागे एका मुठीत धरा. तुम्ही ताठ उभे राहता, मूल कललं तर पंचा ताणतो, सावरलं की सैल पडतो. मुठीत तुम्हाला कळतं, ते किती तोलतंय. ओढणी यासाठी वापरू नका, ती निसटते आणि तिची टोकं चाकात जातात. तुमच्या गळ्यात ओढणी असेल तर ती घरी ठेवून या. पायात बूट हवेत, टाचेला घट्ट बसणारे. चपला घालून एक पाऊलही पळायचं नाही.

पंचा सैल पडायला लागला ती सकाळ मला अजून दिसते. आधी मुठीत सारखे हिसके बसायचे, डावीकडे, उजवीकडे. तिसऱ्या धावेला ते थांबले. कापड तिच्या पाठीवर नुसतं टेकलं होतं आणि चेनचा एकसारखा किर्र आवाज येत होता. मी म्हटलं, "चिमे, मी तीन म्हटलं की पंचा सोडते." ती म्हणाली, "आई, पळत मात्र राहा हं." मी एक, दोन, तीन म्हटलं, एक टोक सोडलं, पंचा काखेतून निसटून माझ्या हातात आला आणि ती पुढे गेली. मी पळत राहिले, शब्द दिला होता म्हणून.

यावर माझं ठाम मत आहे. "धरलंय, धरलंय" म्हणत गुपचूप हात काढू नका. मूल एकदा मागे वळून बघतं, तुम्ही दूर उभे दिसता, आणि पडतं. पडल्याचं दुःख लवकर विसरतं. तुम्ही खोटं बोललात, ते मात्र लक्षात ठेवतं, आणि पुढच्या वेळी तुमचं "मी आहे" त्याला खरं वाटत नाही.

आता तुमच्या धावांचा हिशेब. सायकल नीट तोलायला ताशी सात-आठ किलोमीटर वेग पुरतो. तो हळू पळण्याचा वेग आहे, शर्यतीचा नाही. मूल जोरात गेलं तर त्याला हळू हो म्हणा, तुम्ही वेग वाढवू नका. आधी पाच मिनिटं चालून घ्या. पहिल्या दिवशी सहा धावा, प्रत्येक १० ते १५ सेकंदांची, आणि मधे चालत परत. श्वास पूर्ण खाली बसल्याशिवाय पुढची धाव नाही. तोवर मुलाला पाणी पाजा, गप्पा मारा. धावा एक दिवसाआड. मधल्या दिवशी मूल स्वतः उतारावर खेळेल, तुम्ही चाला आणि टाचा उचला. प्रत्येक खेपेला दोन धावा वाढवत १२ पर्यंत जा. पाऊल छोटं टाका, पाय शरीराच्या खाली पडू द्या, लांब पुढे टाकून टाच आपटू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या आणि पोटऱ्या ठणकतील. दोन्ही पायांत सारखं, दाबल्यावर दुखणारं, चालायला लागल्यावर कमी होणारं दुखणं हे नव्या कामाचं असतं, दोन-तीन दिवसांत जातं. एकाच जागी, एकाच पायात, टोचल्यासारखं किंवा पाऊल टाकताच वाढणारं दुखणं वेगळं, तिथे धावा बंद. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना टाच किंवा टाचेमागची कंडरा धरत असेल, तर दोन पायऱ्या मागे जा, चढावर नाही, सपाट चालण्यावर. मुलाला सांगा, आज आईचा पाय शिकतोय. त्याला ते समजतं, कारण त्याचंही तेच चाललेलं असतं.

चौथी पायरी: वळणं, आठचा आकडा, स्वतःहून निघणं

मूल सरळ जायला लागलं की तुमची हाताची गरज संपते, पण सोबतीची संपत नाही. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या चार पावलांवर ठेवा आणि त्यांमधून नागमोडी जायला सांगा. मग दोन बाटल्यांभोवती इंग्रजी आठ. शेवटी सुरुवात करणं आणि पाय टेकून थांबणं, कुणाच्याही मदतीशिवाय. मूल मैदानाला चकरा मारत असताना तुम्ही एक मिनिट हळू पळा आणि दोन मिनिटं चाला, असं २० मिनिटं. दर आठवड्याला पळण्यात अर्धं मिनिट वाढवा. महिन्याभरात एका दमात तीन मिनिटं पळता येतं, आणि तेवढ्या वेळात मूलही एका हाताने घंटी वाजवायला शिकतं.

पडलं तर

पडणारच. लगेच धावून उचलू नका, दोन श्वास थांबा आणि त्याचं ते उठतं का बघा. खरचटलेलं ढोपर वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, खडे निघेपर्यंत. माती, चुना किंवा टूथपेस्ट लावू नका. शासनाच्या लसीकरण वेळापत्रकात पाच ते सहा वर्षांच्या वयात डीपीटीचा दुसरा बूस्टर असतो, त्यात धनुर्वाताचं संरक्षण येतं. कार्ड काढून तो झालाय ना हे सायकल शिकवण्याआधीच बघा. मनगट सुजलं आणि मूल तो हात वापरेना, तर एक्सरे काढा. तेल लावून चोळू नका. डोकं आपटल्यावर ओकारी, गुंगी, असंबद्ध बोलणं किंवा वाढत जाणारी डोकेदुखी दिसली तर त्याच क्षणी दवाखान्यात न्या. आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी पुन्हा वापरू नका, आतला थर्माकोल एकदाच मार खातो.

पाचवी पायरी: आता तुमचीही सायकल

मूल मैदानात सराईत झालं की ते मागे पळणाऱ्या आईबाबांना मागे टाकतं. तेव्हा कुठलीशी जुनी सायकल ओव्हरऑईल करून घ्या: चेन, ब्रेकचे रबर, टायर, ट्यूब. तुमची सीट मुलाच्या उलट हिशेबाने लावा. सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पायडलवर ठेवली की गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा. पाय टेकायला सोपं म्हणून बहुतेक मोठी माणसं सीट खाली ठेवतात आणि आठवड्यात गुडघे धरतात. पहिल्या दिवशी तीन-चार किलोमीटर पुरे. गिअर असतील तर हलक्यावर ठेवा, पाय भराभर फिरू द्या.

रस्त्यावर जायचं तर रविवारी सकाळी सातच्या आत, कॉलनीतल्या गल्ल्यांमधून. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात आणि मागून येऊन पुढे जाणाऱ्या गाड्या उजवीकडून जातात, म्हणून मूल डावीकडे पुढे आणि तुम्ही त्याच्या मागे, जरा उजवीकडे. मागून येणाऱ्याला आधी तुम्ही दिसता. उभ्या गाडीपासून दरवाजा उघडेल इतकं अंतर ठेवायला शिकवा. कोपरा आला की पाय टेकून थांबायचं, तुम्ही "चल" म्हटल्यावरच निघायचं. आम्ही तीन महिने याच नियमावर फिरलो आणि मग एकदा पहाटे गंगापूर रस्त्याने सोमेश्वरपर्यंत जाऊन धबधबा बघून आलो. परतताना ती चढावर उतरली आणि सायकल ढकलायला लागली. मीही उतरले.

दर तीन महिन्यांनी वही घेऊन मुलाला पुन्हा भिंतीला उभं करा. माप दोन सेंटीमीटरने वाढलं असेल तर सीट तेवढी वर करा, सीटच्या दांड्यावर कोरलेली कमाल उंचीची खूण मात्र ओलांडू नका. ती खूण दिसायला लागली की पुढच्या मापाची सायकल शोधायची वेळ झाली आहे.